टायरची नोंदवही : प्रकल्प नोंदी

६ मे

संस्थेच्या सगळ्या वाहनांच्या टायरची एकच नोंदवही करायचं काम आजपासून हातात घेतलं. कार, मालाच्या व्हॅन, एक ट्रेलर आणि काही मोटरसायकली. आजवर टायरचा विषय निघायचा तो पंक्चर झाल्यावर, नाहीतर नक्षी पार गुळगुळीत झाल्यावर. मधल्या काळात कोणी वाकून बघत नाही.

दर टायरला एक ओळ. रकाने असे: वाहन, चाकाची जागा, आकार, भारांक, वेगाचं अक्षर, तयार झाल्याचा आठवडा, नक्षीची खोली, थंड टायरमधली हवा, शेरा. शेऱ्याची जागा मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे. आकडे सगळे ठीक असूनही टायर बाद करावा लागतो, अशी प्रकरणं निघणारच.

अवजारं: खोली मोजायचा गेज, हवेचा स्वतःचा गेज, टॉर्च, छोटा आरसा, खडू आणि ओलं फडकं. काळ्यावर काळी अक्षरं असतात. टॉर्च तिरकी धरली आणि अक्षरांवरून खडू फिरवला की ती उठून दिसतात.

८ मे

पहिल्या कारवर ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापं नांदताहेत.

२०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, पण रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची नव्हे. ठरावीक रुंदीच्या रिमवर टायर चढवून हवा भरल्यावर एका साइडवॉलपासून (टायरची बाजूची भिंत) दुसऱ्या साइडवॉलपर्यंतचं हे माप. त्यामुळे नक्षीवर पट्टी ठेवली तर कमीच भरतं. त्यात गडबड काही नाही. ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, जवळपास ११३ मिमी. ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे असलेला टायर. १६ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ४०६.४ मिमी. वर आणि खाली एकेक साइडवॉल धरली की पूर्ण टायरचा व्यास सुमारे ६३२ मिमी होतो.

ही आकडेमोड नुसती हौस म्हणून केली नाही. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कारवर ‘१९५/६५ आर १५ ९१ एच’ आहे. रिम लहान, साइडवॉल उंच, पण व्यास ६३४.५ मिमी. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी. उत्पादकाने हे दोन्ही आकार मान्य केले आहेत ते यामुळेच. उद्या कोणी ‘थोडा उंच टायर बसवू, खड्ड्यांत बरा’ म्हणून २०५/६० आर १६ घातला तर व्यास ६५२ मिमीवर जातो, तीन टक्क्यांहून जास्त. मीटरवरचा आकडा खऱ्या वेगाच्या मागे पडू लागतो, आणि वळणात टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासतो की नाही हे वेगळंच बघावं लागतं.

९ मे

भारांक, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त किती भार पेलतो त्याचा क्रमांक, आणि वेगाचं अक्षर.

९१ म्हणजे ९१ किलो नव्हे. त्या क्रमांकासमोर भारांकांच्या तक्त्यात ६१५ किलो आहेत. ८० ला ४५०, १०० ला ८००, १०४ ला ९००. क्रमांक एकाने वाढला की भार साधारण तीन टक्क्यांनी वाढतो, आणि २४ ने वाढला की दुप्पट होतो. म्हणून ‘दोन-तीन आकड्यांनी काय फरक पडतो’ हे म्हणणं महागात पडतं.

मग चार चाकं गुणिले ६१५ म्हणजे २४६० किलो, आणि गाडी भरून १८०० ची, म्हणजे भरपूर मोकळीक? तसं नाही. वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. ब्रेक दाबला की ते पुढे सरकतं, वळणात बाहेरच्या चाकांवर झुकतं.

वेगाची अक्षरं: क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००, सगळे किमी प्रति तास. वर्णमालेच्या क्रमाने जाणाऱ्याला ‘एच’ फसवतो. तो यू आणि व्ही यांच्या मधे बसतो. एका चालकाने विचारलं, आपण तर शंभराच्या वर जात नाही, मग हलकं अक्षर का चालू नये? ते अक्षर पळवायची परवानगी नसतं. तेवढ्या वेगाला तयार होणारी उष्णता टायर पचवू शकतो, एवढंच ते सांगतं. ती क्षमता भरलेल्या गाडीत, तापलेल्या रस्त्यावर, तासन्‌तास चालवतानाही कामी येते. वाहनाच्या पुस्तिकेत दिलंय त्याच्या खाली जायचं नाही, असं चालकांसाठी छापायच्या सूचनांच्या तक्त्यात घातलं.

१३ मे

आजचा दिवस हवेचा, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकल्पाचं मर्मही हेच.

एका कारच्या चारही टायरमध्ये ५० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) जवळपास हवा निघाली. चालकाचं म्हणणं, ‘टायरवरच लिहिलंय की.’ लिहिलंय खरं: कमाल दाब ३५० किलोपास्कल, म्हणजे ५१ पीएसआय. पण ही टायरची मर्यादा झाली. या गाडीला किती हवा लागते ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आहे: ३२ पीएसआय, पूर्ण भार असेल तर मागे थोडी जास्त. हाच टायर वेगवेगळ्या वजनाच्या गाड्यांवर बसतो. आपण कुठल्या गाडीखाली जाणार हे कारखान्यात त्याला ठाऊक नसतं. साइडवॉल टायरबद्दल बोलते, स्टिकर गाडीबद्दल. दोन्ही वाचल्याशिवाय ओळ पूर्ण धरायची नाही, असा नियम वहीपुरता करून टाकला.

हवा जास्त झाली की रस्त्याला टेकणारा भाग लहान होतो. चाकावर ३५० किलो भार आणि ३२ पीएसआय हवा धरली तर ढोबळ हिशेबाने जेमतेम १५५ चौरस सेंटिमीटर जागा टेकते, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर बाजूचा चौकोन. ब्रेक, वळण, सगळं त्या चौकोनातून. त्यातलीही जागा आपण विनाकारण कमी करत असतो, आणि मधली नक्षी आधी झिजवत असतो.

कमी हवा मात्र जास्त घातक. साइडवॉल दर फेऱ्याला जास्त वाकते, त्यातून उष्णता वाढते, आणि लांबच्या प्रवासात आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात. टायर ‘अचानक’ फुटला म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा ही कित्येक दिवसांची शिजवणूक असते. बाहेरून पटकन कळतही नाही, कारण रेडियल टायर योग्य हवेतही खाली थोडा फुगलेलाच दिसतो. लाथ मारून हवा ओळखण्याची विद्या इथे कुचकामी.

मोजायचं ते गाडी काही तास उभी राहिल्यावर. चालून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय सहज जास्त दिसतात. ते बघून हवा सोडली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो. हवामान १० अंश सेल्सिअसने उतरलं तरी दीड पीएसआयच्या आसपास दाब घटतो. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला सुमारे एक पीएसआय झिरपते.

डॅशबोर्डवरच्या कमी हवेच्या दिव्याबद्दल. अमेरिकेच्या नियमानुसार हा इशारा शिफारशीपेक्षा दाब २५ टक्क्यांनी उतरला की मिळालाच पाहिजे. म्हणजे ३२ च्या जागी २४ होईपर्यंत दिवा गप्प बसू शकतो. ‘दिवा लागला नाही, म्हणजे हवा ठीक’ हे वाक्य तक्त्यावर काट मारून छापणार आहे.

१४ मे

हवा भरण्याच्या यंत्रावरचा गेज आणि आपला गेज जुळत नाहीत. यापुढे नोंद आपल्याच गेजची. दोनपैकी कुठला खरा हा वाद नंतर. निदान चुकला तर सगळीकडे सारखाच चुकेल. व्हॉल्व्हची टोपणं निम्म्या चाकांना नाहीत, ती मागवली.

१७ मे

व्हॅन. आजवरचा सर्वांत गंभीर शेरा इथे पडला.

एका व्हॅनच्या पुढच्या चाकांवर ‘१९५/६५ आर १६ सी १०४/१०२ टी’. ‘सी’ हे मालवाहू वाहनांच्या टायरचं अक्षर; बांधणी दणकट, हवा जास्त दाबाची. दोन भारांक असण्याचं कारण, १०४ म्हणजे ९०० किलो एकेरी चाकाला, आणि १०२ म्हणजे ८५० किलो जोडचाकांतल्या प्रत्येकाला. जोडीत भार कधी तंतोतंत निम्मा वाटला जात नाही, म्हणून तिथे आकडा उतरवलेला असतो.

त्याच व्हॅनच्या मागच्या चाकांवर ‘१९५/६५ आर १६ ९२ व्ही’. आकार तोच, रिमवर चपखल बसलेला, नक्षी जवळजवळ नवी. पण ‘सी’ नाही, आणि ९२ म्हणजे ६३० किलो. दोन चाकं मिळून १२६० किलो, आणि त्या ॲक्सलवर मान्य भार १६५० चा. रिकामी व्हॅन खुशाल धावेल. माल भरला की दर फेरीला टायर आपल्या क्षमतेच्या पलीकडे. वर ‘व्ही’ अक्षर बघून कोणाला तरी हा टायर जास्त भारी वाटला असणार. वेगाच्या दृष्टीने आहेही. वजनाच्या दृष्टीने नाही.

व्हॅन माल वाहण्यापासून थांबवली. नव्या टायरच्या मागणीत आकारासोबत ‘सी, १०४/१०२ किंवा वर’ असं लिहून दिलं. नुसता आकार लिहून टायर मागवायची पद्धत बंद करावी असं सुचवलं आहे.

याच जातीचा सौम्य प्रकार कारमध्ये: २०५/५५ आर १६ साधा असला तर ९१, आणि ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड, जादा भाराचा) असला तर ९४, म्हणजे ६७० किलो. पण तो पूर्ण भार एक्सएल टायर पेलतो २९० किलोपास्कल हवेला. साध्याचे ६१५ किलो २५० ला. हवा न वाढवता नुसता एक्सएल घातला म्हणून भार उचलण्याची ताकद आपोआप वाढत नाही.

२१ मे

ट्रेलर, आणि टायरचं वय.

‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ३५२१ असेल तर २०२१ सालचा ३५ वा आठवडा. चारऐवजी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा. पुढे वाचायचीही गरज नाही. अडचण अशी की पूर्ण ओळ बऱ्याचदा एकाच बाजूला असते आणि टायर बसवताना ती आत जाते. बाहेरच्या बाजूला ‘डीओटी’ दिसतं, पण आठवडा नाही. आरसा यासाठीच आणला होता. आडवं पडून आरशातले उलटे आकडे वाचणं हे काम ज्याला कंबर आहे त्याने करू नये.

ट्रेलरवर निघालं २३०९. सन २००९ चा २३ वा आठवडा. नक्षी सात मिलिमीटरच्या वर, कारण ट्रेलर वर्षातून मोजक्या वेळा हलतो. झिजेच्या रकान्यात हा आपला सर्वांत उत्तम टायर! पण साइडवॉल आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगांचं जाळं. रबरात ओझोनपासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात, आणि टायर फिरताना वाकत राहिला तरच ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या वाहनाच्या टायरला तेही नशिबी नाही. वर ऊन आणि एकाच जागी महिनोन्‌महिने भार.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१२ मध्ये संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या प्रवाशांच्या बसचा पुढचा टायर फुटून ती झाडावर आदळली, तीन माणसं गेली. तो टायर १९ वर्षांहून जुना होता. पुढे ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या ॲक्सलवर १० वर्षांहून जुना टायर वापरायला बंदी केली. मिनीबसच्या एकेरी चाकांनाही ती लागू आहे. कारसाठी अनेक वाहन उत्पादक सहा वर्षांनी बदला म्हणतात, काही टायर उत्पादक दहा वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात. आपल्या वहीसाठी ठरवलं: पाच वर्षांनंतर दरवर्षी रिमवरून उतरवून आतून तपासणी, दहा वर्षांनी बाद, नक्षी कितीही असो.

२२ मे

वर्तुळातल्या ‘ई’ शेजारचा आकडा. ई१ जर्मनी, ई२ फ्रान्स, ई४ नेदरलँड्स. टायर तिथे बनला असा याचा अर्थ नाही. त्या देशाच्या यंत्रणेने संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार त्याला मान्यता दिली, एवढाच. कुठे बनला ते वेगळं लिहिलेलं असतं. या आकड्यावरून दर्जाच्या गप्पा मारणारे बरेच भेटले.

२७ मे

नक्षीची खोली. नव्या कार टायरला साधारण आठ मिलिमीटर. मुख्य खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. खांद्याजवळ (नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथे) ‘टीडब्ल्यूआय’ किंवा बाण दिसला की त्याच्या रेषेत आत बघायचं. उंचवट्याची उंची १.६ मिमी. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. गेज या उंचवट्यावर टेकवून मोजू नये, नाहीतर आकडा तेवढाच कमी येतो.

दर टायरला आतली, मधली आणि बाहेरची अशी तीन मापं घेतोय, कारण झिजेच्या आकारात आजार दिसतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला भाग झिजला तर जास्त. एकच कड झिजली, किंवा हात एका दिशेला फिरवताना गुळगुळीत आणि उलट फिरवताना टोकदार लागलं, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेलं. एका कारच्या पुढच्या डाव्या टायरला बाहेरून पाच मिमी आणि आतल्या कडेला दीडसुद्धा नाही. उभ्याने बघणाऱ्याला हा टायर उत्तम दिसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड बघायची, हे तक्त्यात ठळक.

१.६ मिमी ही कायद्याने बाद करायची रेघ. ओल्या रस्त्यावर टायर त्याच्या कितीतरी आधी दुबळा होतो. खाचा पाणी बाहेर ढकलतात. त्या उथळ झाल्या की पाण्याचा थर टायरखाली शिरतो आणि चाक तरंगतं. नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर काम करून ढोबळ सूत्र दिलं: तरंगण्याचा वेग टायरमधल्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. २२० किलोपास्कलला तो सुमारे ९४ किमी प्रति तास येतो, १६० ला ८०. सूत्र पाणी साचलेल्या पृष्ठभागाचं आहे, नक्षी आणि पाण्याची खोली यांनी खरा आकडा बदलतो. पण कमी हवेचा आणखी एक तोटा यातून दिसला. आपल्यासाठी बदलाची रेघ ३ मिमीवर ओढली आहे. खर्चाच्या बाजूने कुरकुर झाली. रेघ तिथेच राहील.

२८ मे

एका टायरच्या साइडवॉलवर फुगा. खड्ड्याच्या किंवा दगडाच्या काठावर आपटून आतले धागे तुटले की हवा तेवढं रबर बाहेर ढकलते. दुरुस्ती नाही, लगेच बाद. दुसऱ्या टायरवर उलट, उभी बारीक खोबण. ती पाहून चालक घाबरला, पण आतल्या कापडाचे थर जिथे एकमेकांवर चढतात तिथे रेडियल टायरला अशी खोबण दिसते. बाहेर आलेलं धोक्याचं, आत गेलेलं बहुधा निरुपद्रवी.

३ जून

उरलेल्या खुणा भराभर. ‘रोटेशन’ आणि बाण असेल तर टायर त्याच दिशेने फिरला पाहिजे. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर. ‘एम+एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) ही अक्षरं उत्पादक स्वतः घालतो. तीन शिखरं आणि आत हिमकण असं चित्र मात्र बर्फावरच्या चाचणीत उतरल्यावरच मिळतं. नव्या टायरवर पिवळा ठिपका असेल तर ती हलकी बाजू, व्हॉल्व्हशेजारी येते.

अमेरिकी पद्धतीचा ‘ट्रेडवेअर’ आकडा: ४०० म्हणजे प्रमाण टायरच्या चौपट टिकाऊ, असं कागदावर. आकडा उत्पादक स्वतःच ठरवतो, त्यामुळे एकाच उत्पादकाच्या दोन टायरची तुलना करायला ठीक, दोन उत्पादकांची करायला मला तो भरवशाचा वाटत नाही.

५ जून

पंक्चरच्या जुन्या दुरुस्त्या तपासल्या. नक्षीच्या मधल्या भागात सहा मिलिमीटरपर्यंतचं छिद्र, आणि टायर उतरवून आतून बसवलेला ठिगळ-दांडा (छिद्र भरणारा दांडा आणि त्याला जोडलेलं ठिगळ), एवढंच ‘दुरुस्त’ या शेऱ्याला पात्र. बाहेरून खुपसलेली दोरी तात्पुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलवर छिद्र असेल तर टायर गेला. उतरवायचं कारण असं की हवा नसताना थोडंसं अंतर चालवलेल्या टायरच्या आत रबराची काळी भुकटी सापडते. तशी सापडली तर छिद्र कितीही लहान असो, ठिगळ लावायचं नाही.

१० जून

मेस्त्रींशी वाद. कारला दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते कुठे? त्यांचं म्हणणं पुढे: स्टिअरिंग पुढे, इंजिनाची ओढही पुढच्या चाकांना. मी मागे म्हणतो. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते. चालकाला स्टिअरिंगमध्ये कळतं, पाय आपसूक उचलला जातो. मागची आधी घसरली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. टायर उत्पादकांचा सल्लाही मागेच बसवा असा आहे. मेस्त्रींना अजून पटलेलं नाही, पण काम त्याप्रमाणे करायला तयार झाले.

१२ जून

मोटरसायकली. ‘९०/९०-१२ ५४ जे’: ‘आर’च्या जागी आडवी रेघ, म्हणजे क्रॉस-प्लाय, आतले धागे तिरपे आणि एकमेकांना छेदणारे. ५४ ला २१२ किलो, ‘जे’ला १०० किमी प्रति तास. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या टायरची हवा वेगळी, तीही चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत. दोन टायरना बाणाची दिशा उलटी निघाली, सोडवून बसवले.

१६ जून

स्टेपन्या. वहीतला सर्वांत दुर्लक्षित विभाग. एकीत हवा जवळजवळ नाही, दुसरी गाडीइतकीच जुनी. एका कारमध्ये बारीक चाक आहे, आकाराच्या आधी ‘टी’. त्यात ४२० किलोपास्कल म्हणजे ६० पीएसआय हवा लागते आणि वेग ८० च्या आत ठेवायचा. बाकी टायरसारखी ३२ भरून ठेवली होती.

व्हॅनचे नवे टायर आले: सी, १०४/१०२ टी, दोघांचा आठवडा याच वर्षीचा. बसवले, हवा व्हॅनच्या स्टिकरप्रमाणे. ट्रेलरचे जुने उतरवले आणि साइडवॉल कापून टाकायला सांगितल्या. नक्षी बघून कोणीतरी ते उचलून दुसऱ्या गाडीवर चढवेल अशी भीती होती.

बाकी: व्हॅनचे नट शंभर किलोमीटरच्या आत टॉर्क पान्याने पुन्हा तपासायचे. आतून झिजलेल्या कारचं अलाइनमेंट आधी, नवा टायर त्यानंतर. तक्त्याचा मसुदा चालकांना वाचायला दिला आहे, शेरे आले की छपाई.